घरचा साबण, कारखान्याचा कायदा

२२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाच्या साबणाच्या वडीवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल... सगळ्या घरातल्या बाईच्या यादीतल्याच वस्तू. त्यामुळे त्या आठवड्यात टीव्हीवर जो तो गृहिणीच्या बजेटबद्दल बोलत होता. महिन्याला किती वाचणार, कंपन्या खरंच दर उतरवणार की वडीचं वजनच पुढेमागे करणार, असं सगळं चर्चून झालं. ते व्हायलाच हवं होतं. पण या सगळ्या चर्चेत साबण विकत घेणारी बाई होती, साबण करणारी बाई कुठेच नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, साबण करणारी बाई? ती कुठे असते?

असते ना! अंधेरी पश्चिमेच्या सात बंगल्यांपासून पूर्वेला मरोळपर्यंत पसरलेला आमचा वीस-बावीस जणींचा एक गट आहे. एकीने दुसरीला आत घेतलं, दुसरीने तिसरीला, असा तो वाढला. रोजचं बोलणं फोनवर. पण दोन महिन्यांतून एकदा शनिवारी दुपारी कुणाच्या तरी घरी आम्ही जमतो. प्रत्येकीने आपल्या दोन वड्या आणायच्या आणि दुसरीच्या दोन न्यायच्या. बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू आहेत, सीप्झमध्ये नोकरी करणाऱ्या दोघी आहेत, लहान मुलांच्या आया आहेत. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत. त्यांना सगळ्या जणी 'बाई'च म्हणतात आणि त्यांच्यासमोर अजूनही जरा सरळ बसतात.

हौशी बायकांचा साबण म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते रंग, सुगंध आणि गुलाबाच्या आकाराचे साचे. ते सगळं आहेच. पण नवी बाई गटात आली की तिच्या हातात पहिल्यांदा दिला जातो तो वजनकाटा. कारण साबण अंदाजाने होत नाही. आपला सगळा स्वयंपाक 'चिमूटभर', 'मूठभर', 'अंदाजाने' यांवर चालतो आणि त्याचा आपल्याला अभिमानही असतो. इथे तो अभिमान बाजूला ठेवावा लागतो.

कृती तशी थोडक्यात सांगता येते. तेल आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी एकत्र आलं की साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. पण प्रत्येक तेलाची सोड्याची भूक वेगळी. १०० ग्रॅम खोबरेल तेलाला साधारण १८ ग्रॅम सोडा लागतो, १०० ग्रॅम ऑलिव्ह तेलाला साडेतेरा, एरंडेलाला तेरा. 'खोबरेल संपलं होतं, म्हणून ऑलिव्ह घातलं,' असं कुणी म्हणालं आणि सोडा तेवढाच ठेवला, तर दर १०० ग्रॅम तेलामागे चार-साडेचार ग्रॅम सोडा वडीत मोकळा राहतो. तो कातडी भाजतो. म्हणून आम्ही हिशोबाने निघालेल्या सोड्यापेक्षा पाच टक्के कमीच सोडा घेतो. थोडं तेल शिल्लक राहिलं तर वडी मऊ होते, पण अंगाला लागत नाही.

बाकीचे नियम बाईंनी पाठच करून घेतलेत. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचं नाही. ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही, स्टीलचंच हवं. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी. लहान मूल घरात जागं असेल तर काम बंद. मग तेलात ते पाणी ओतून हँड ब्लेंडरने फिरवायचं, पिठलं आळतं तसं आळलं की साच्यात घालायचं. दुसऱ्या दिवशी वड्या पाडायच्या आणि चार ते सहा आठवडे वाऱ्यावर वाळत ठेवायच्या. जुलैत अंधेरीच्या हवेत हे चार आठवडे सहज दोन महिने होतात. वड्यांना घाम सुटतो, पंखा लावून ठेवावा लागतो आणि घरचे विचारतात, 'हे आणखी किती दिवस?'

आणि मग चुकांची देवाणघेवाण सुरू होते. हळद घातली की सोड्यामुळे आधी लालभडक होते आणि नंतर विटते. गुलाबाच्या पाकळ्या दोन दिवसांत चहाच्या चोथ्यासारख्या दिसू लागतात. जुनं तेल वापरलं तर वडीवर केशरी डाग येतात आणि खवट वास सुटतो. हे कुणी तरी आपलं अर्धा किलो तेल वाया घालवून शिकलेलं असतं आणि पुढचीला फुकट सांगितलेलं असतं. कुणी नवी कृती सांगितली की आणखी दोघी तरी तिचा सोडा स्वतंत्रपणे मोजून बघतात. 'ताई, तुमचा आकडा दोन ग्रॅमने जास्त येतोय,' असं सांगितलं तर कुणाला राग येत नाही. या गटातलं प्रेम असं आकडेमोडीतून दिसतं. पापडाची कृती लपवली तर फार तर शेजारणीचा पापड बिघडेल. साबणाची कृती अर्धवट सांगितली तर दुसरीचा हात भाजतो. म्हणून इथे उघडेपणा ही चैन नाही, ती सुरक्षेची पहिली अट आहे.

खरं तर मुंबई हे साबणाचंच शहर. लिव्हर ब्रदर्सचा शिवडीचा कारखाना १९३४ साली सुरू झाला. गोदरेजांनी त्याआधीच, १९१८ साली, प्राण्यांची चरबी न वापरता वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला आणि पुढे विक्रोळी हे त्यांचं गाव झालं. आपल्या खानदेशातल्या अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, तिथे '७८७' नावाचा कपड्यांचा साबणही निघायचा. तीच आजची विप्रो. दिवाळीच्या पहाटेशी जोडला गेलेला मोती साबण टाटा ऑइल मिल्सचा, ती कंपनी नव्वदच्या दशकात हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली. आणि त्या कंपनीचं, म्हणजे आताच्या हिंदुस्थान युनिलिव्हरचं, मुख्यालय कुठे आहे? आमच्या अंधेरीतच, चकाल्याला! देशातली सर्वांत मोठी साबण कंपनी आणि भिंतीला टेकून चार वड्या वाळवणाऱ्या आम्ही, एकाच पिनकोडाच्या आसपास राहतो.

साबण कारखान्यात गेला हे वाईट झालं, असं मी म्हणणार नाही. आपल्या आज्या-पणज्या रिठे, शिकेकाई, डाळीचं पीठ यांवर भागवत होत्या. साबणाची स्वस्त वडी घराघरांत गेली आणि हात धुण्याची सवय लागली, त्यातून किती लेकरं वाचली असतील! प्रश्न आहे तो आपल्याला त्या वडीबद्दल किती कळतं याचा. एकदा सवडीने वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचा. काही वड्यांवर 'टॉयलेट सोप' असं लिहिलेलं असतं, काहींवर 'बाथिंग बार'. भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या प्रतीच्या टॉयलेट सोपमध्ये एकूण स्निग्धांश, म्हणजे तो 'टीएफएम', किमान ७६ टक्के हवा. दुसऱ्या प्रतीत ७०, तिसऱ्या प्रतीत ६०. बाथिंग बारला ४० टक्केही पुरतात. दिसायला वडी तीच, वासही तोच! आमच्या गटात येऊन आणखी काही नाही तरी दुकानात उभं राहून वेष्टन वाचायची सवय प्रत्येकीला लागलीच.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये केंद्राने कच्च्या पामतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. सगळे अधिभार धरून ते साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर गेलं. वर्ष संपायच्या आत मोठ्या कंपन्यांनी साबणाचे दर चढवले, कारण आपल्या बहुतेक वड्या मलेशिया-इंडोनेशियातून येणाऱ्या पामतेलावर उभ्या आहेत. मे २०२५ च्या अखेरीस ते शुल्क साडेसोळावर आणलं गेलं, पण तोवर खोबरेल तेलाने डोकं वर काढलं होतं. शिक्षणाने वाणिज्य शाखेच्या असलेल्या काकूंनी हे सगळं आम्हाला एका शनिवारी समजावून सांगितलं. 'अगं, आपली वडी आणि जागतिक बाजार यांच्यात फक्त एक पातेलं आहे,' असं त्या म्हणाल्या होत्या!

मग सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी उतरला तेव्हा आमच्या गटाला काय मिळालं? थेट म्हणाल तर काहीच नाही. वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या माल विक्रेत्याला आपल्याकडे जीएसटीची नोंदणीच लागत नाही, त्यामुळे घरगुती करणारीचा कर कमी होण्याचा प्रश्नच येत नाही. उलट बाजारातली वडी स्वस्त झाली, हिची नाही. तरीही गटात त्या आठवड्यात एक वेगळाच विषय पेटला. दिवाळी जवळ आली होती आणि आमच्यातल्या एकीला तीनशे वड्यांची मागणी आली होती.

ती मरोळला राहते. तिच्या वड्या गटात सर्वांत देखण्या, आणि हिशोबालाही चोख. नवऱ्याची नोकरी गेलेली, मुलगी अकरावीत. कुणाच्या तरी घरी लग्न होतं, पाहुण्यांना भेट म्हणून घरचा साबण द्यायचा होता. मागणी करणाऱ्यांनी अर्धे पैसे आगाऊ द्यायचीही तयारी दाखवली. गटातल्या बहुतेक जणींनी टाळ्याच वाजवल्या. 'इतकं छान करतेस, विकत का नाहीस?' हे वाक्य आपल्याकडे कुठल्याही छंदाच्या वाट्याला येतंच. लोणचं घाला, क्रोशा विणा, रांगोळी काढा, पाचव्या माणसाने हे म्हटलंच म्हणून समजा. मरोळच्या मैत्रिणीला मात्र ती कौतुकाची गोष्ट नव्हती, महिन्याच्या किराण्याची होती.

बाई तेवढ्या गप्प होत्या. सगळ्यांचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, 'परवान्याचं काय?'

'कसला परवाना? माझ्याकडे उद्यमचं सर्टिफिकेट आहे की,' ती म्हणाली.

इथेच बहुतेक जणींची गाडी अडते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. उद्यम नोंदणी म्हणजे तुम्ही लघुउद्योजक आहात याची सरकारदरबारी नोंद. ती फुकट होते आणि चांगलीच आहे. पण साबण करून विकायची परवानगी तिच्यातून मिळत नाही. ती परवानगी औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खाली लागते. यातला इतिहास मोठा गमतीचा आहे. सौंदर्यप्रसाधनं या कायद्यात आली ती १९६२ च्या दुरुस्तीने. तेव्हाच्या व्याख्येत 'साबण वगळून' असे स्पष्ट शब्द होते. म्हणजे कायद्याच्या लेखी लिपस्टिक हे प्रसाधन होतं, साबण नव्हता. १९८२ च्या दुरुस्तीने ते शब्द काढून टाकले, आणि तेव्हापासून साबणाची वडी त्याच रांगेत जाऊन बसली. आता त्यावर २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू आहेत आणि महाराष्ट्रात परवाना देतं ते अन्न व औषध प्रशासन, वांद्रे-कुर्ला संकुलातलं.

'मी तर सोड्याला हातही लावत नाही, तयार बेस आणून वितळवते,' असं काही जणी म्हणतात. त्यानेही सुटका होत नाही. कायद्याच्या व्याख्येत विक्रीसाठी किंवा वितरणासाठी बनवणं तर आहेच. शिवाय त्यात बदल करणं, सजवणं, वेष्टनात घालणं आणि लेबल लावणं हेही 'उत्पादन'च. मैत्रिणीच्या वाढदिवसाला दिलेल्या दोन वड्यांच्या मागे कुणी लागणार नाही. पण मागणी घेऊन केलेल्या तीनशे वड्या म्हणजे उत्पादन, मग त्या स्वयंपाकघरात झालेल्या असोत की कारखान्यात.

परवान्यासाठी काय लागतं? एक, माणूस. उत्पादनावर देखरेख करायला औषधनिर्माणशास्त्राचा पदविकाधारक किंवा निदान रसायनशास्त्र घेऊन बारावी झालेली व्यक्ती हवी. ही अट मला रास्त वाटते, आमच्या गटात ती पुरी करणाऱ्या सहा-सात जणी निघतील. दोन, जागा. अंगाच्या साबणाच्या लहान उत्पादनासाठी नियमांच्या परिशिष्टात शिफारस आहे ती किमान १०० चौरस मीटरची. कच्चा माल नि तयार माल ठेवायची जागा वेगळी. १०० चौरस मीटर म्हणजे सुमारे १०७६ चौरस फूट. अंधेरीत एवढी जागा कुणाकडे असेल, तर तिला साबण विकून पैसे मिळवायची गरज कशाला पडेल? तीन, यंत्रसामग्री. त्या यादीत साबण शिजवायची किटली, वाळवण यंत्र, रोलर मिल, प्लॉडर, ठसे मारायचं यंत्र... अहो, हा चकाल्याच्या कंपनीचा नाहीतर विक्रोळीच्या कारखान्याचा फोटो आहे! 'शिफारस' या शब्दामुळे अधिकारी परिस्थिती बघून सूट देऊ शकतो, हे खरं. पण सूट मागायला आधी दारापर्यंत जायचं धाडस लागतं, आणि यादी वाचूनच बाई मागे फिरते.

याची तुलना पापडाशी करून बघा. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याची 'लिज्जत' झाली, हे आपण सगळ्या जाणतो. पुढे त्याच बायकांनी 'ससा' नावाची कपडे धुण्याची पावडरही काढली. आज कुणाला घरून पापड, लाडू, चकल्या विकायच्या असतील तर तिच्यासाठी कायद्यात पायरी आहे. अन्नसुरक्षा खात्याच्या २०११ च्या नियमांनी लहान खाद्यव्यावसायिकाला मोठ्या परवान्याऐवजी साधी नोंदणी देऊ केली, तीही वर्षाला १०० रुपये शुल्कात. करखात्यानेही १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्यांना आपल्या राज्यापुरतं ऑनलाइन दुकानांवरून माल विकायची मुभा दिली. म्हणजे अन्नाच्या कायद्याला लहान बाई दिसली, कराच्या कायद्याला दिसली. साबणाच्या कायद्याला अजून दिसलेली नाही. पोटात जाणारी चकली घरच्या ओट्यावर केलेली चालते. अंगाला लावून दोन मिनिटांत धुऊन टाकायच्या वडीला मात्र १०० चौरस मीटर!

बाहेर काय चाललंय? अमेरिकेत खरा साबण, म्हणजे तेल आणि सोड्यापासून झालेला, केवळ 'साबण' म्हणून विकला तर तो प्रसाधन मानलाच जात नाही. 'त्वचा उजळते', 'सुरकुत्या जातात' असा दावा केला की तो प्रसाधनाच्या नाहीतर औषधाच्या नियमांखाली जातो. ब्रिटनमध्ये घरच्या ओट्यावर केलेला साबण विकता येतो, पण आधी प्रत्येक कृतीचा सुरक्षा अहवाल पात्र तज्ज्ञाकडून घ्यावा लागतो. एका देशाने दाव्यावर बोट ठेवलं, दुसऱ्याने कृतीवर. जागेचं क्षेत्रफळ दोघांनीही मुख्य मानलं नाही.

आता दुसरी बाजू. बाईंनी ती त्याच दिवशी मांडली आणि ती मला पटते. 'नियम कडक आहेत म्हणून नियमच नकोत, असं म्हणू नका,' त्या म्हणाल्या. 'वर्गात मी चाळीस मुलांना सोडा मोजायला दिला, तर दोघं तरी चुकायचीच.' सोड्याचं पाणी तापतं, डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. लग्नाच्या तीनशे पाहुण्यांत कुणाचं तरी बाळ असतं, कुणाला तरी एखाद्या सुगंधी तेलाची ॲलर्जी असते. विकत घेणाऱ्याला वडीच्या आत काय आहे हे कळायचा दुसरा मार्ग नाही. वेष्टनावर नाव, पत्ता, वजन, किंमत, महिना-वर्ष असावं लागतं ते याचसाठी. शिवाय आपल्याकडे 'घरगुती' आणि 'नैसर्गिक' या शब्दांवर डोळे मिटून विश्वास ठेवायची खोड आहे. कडुनिंबाची वडी करून 'खरूज-नायटा बरा होतो' असं लिहिणाऱ्या बायका मी प्रदर्शनांत पाहिल्या आहेत. तसं लिहिलं की तो साबण उरत नाही, औषध होतं, आणि त्याचे नियम याहून कडक आहेत. तेव्हा नियम हवेतच. फक्त ते कामाच्या आकाराला बेतलेले हवेत. आज दोनच टोकं आहेत, एकीकडे संपूर्ण कारखाना आणि दुसरीकडे लपूनछपून विक्री. मधली पायरी नसल्यामुळे विकणारी बाई दुसऱ्या टोकाला ढकलली जाते.

आणि लपून विकण्याचा पहिला घाव बसतो तो गटाच्या मोकळेपणावर. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. जी गुपचूप विकते ती हळूहळू बोलायची थांबते. आधी कृतीतलं एखादं तेल सांगत नाही, मग माल कुठून आणला ते सांगत नाही. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या दुकानाचं नाव विचारलं तर 'बघून सांगते' म्हणते. सर्वांत वाईट म्हणजे बिघडलेल्या वडीबद्दल बोलत नाही, कारण ती वडी कुणाकडे तरी गेलेली असते. जिच्या चुका आपण तपासायच्या, ती चुकाच दाखवेनाशी झाली तर तपासणार काय? म्हणजे आज घरच्या साबणावर जी एकमेव देखरेख आहे, दुसरीने आकडा मोजून बघण्याची, तीच कायद्याच्या धाकाने बंद पडते. ज्या सुरक्षेसाठी कायदा आहे तीच अशाने कमी होते.

मग करायचं काय? मला तीन गोष्टी सुचतात.

पहिली सरकारने करायची. खाद्यपदार्थांसारखी साबणासाठीही साधी नोंदणी ठेवा. मर्यादा घाला: महिन्याला ठरावीक वजनापर्यंतच उत्पादन, फक्त अंगाच्या साबणाची वडी, औषधी दावा अजिबात नाही, लहान मुलांसाठीची खास उत्पादनं नाहीत. प्रत्येक घाण्याची वहीत नोंद आणि प्रत्येक कृतीची एकदा प्रयोगशाळेत तपासणी. एवढं केलं तर शंभर चौरस मीटरपेक्षा ग्राहक जास्त सुरक्षित राहील.

दुसरी आपल्या उपनगरातच होण्यासारखी आहे. आजच्या नियमांतही स्वतःची जागा नसणाऱ्याला दुसऱ्याच्या परवानाधारक जागेत उत्पादन करायचा 'लोन लायसन्स'चा मार्ग आहे. बँकेच्या कर्जाशी त्याचा काही संबंध नाही, नाव तेवढं तसं. मरोळच्या एमआयडीसीत एखादा गाळा महिला संस्थेने घेतला, परवाना काढला आणि पाच-दहा जणींनी पाळीपाळीने तिथे काम केलं तर? खादी व ग्रामोद्योग आयोगाचं मुख्यालय पार्ल्यात इर्ल्याला आहे, अंधेरीपासून हाकेच्या अंतरावर. साबण हा तर त्यांच्या ग्रामोद्योगांच्या यादीतला जुना उद्योग. आयोगामार्फत राबवल्या जाणाऱ्या पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात शहरी भागातल्या महिलांना प्रकल्पाच्या २५ टक्के अनुदानाची तरतूद आहे. तपासणीसाठीही लांब जायला नको. भवन्स, मिठीबाई, साठ्ये या विज्ञान महाविद्यालयांत रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळा आहेतच. मोकळा सोडा किती राहिला हे काढणं पदवीच्या मुलांना अवघड नाही. त्यांनाही खरं काम मिळेल.

तिसरी गोष्ट आपली आपण करायची. छंद म्हणून साबण करायचा असेल तर खुशाल करा, त्यासाठी कुणाचा परवाना लागत नाही. आधी ग्रॅमपर्यंत अचूक मोजणारा काटा घ्या. एकटीने शिकू नका, जी करते तिच्याशेजारी उभं राहून पहिला घाणा बघा. आपली वही ठेवा: तारीख, तेलांची वजनं, सोडा, पाणी, काय चुकलं. आणि 'विकत का नाहीस?' असं कुणाला विचारण्याआधी तिला ते परवडेल का, तिच्यामागे उभं कोण राहणार, याचाही विचार करा. प्रत्येक छंदाचा धंदा व्हायलाच हवा असं नाही. आठवड्यातले दोन तास स्वतःच्या हाताने, स्वतःच्या हिशोबाने काही केलं आणि ते चार जणींनी तपासून 'बरोबर आहे' म्हटलं, एवढ्यावरही बाईचा आठवडा उजळतो. पण जिला त्यातून घर चालवायचंय, तिला 'छंद म्हणून कर ना' असं सांगणं हा शहाणपणा नाही, ती आपल्या भरल्या पोटाची सोय आहे.

मरोळच्या मैत्रिणीने ती मागणी घेतली नाही. आगाऊ पैसे परत केले. बाईंनी तिला जवळ घेतलं, पण त्याने वाणसामानाचं बिल भागत नाही, हे बाईंनाही ठाऊक होतं. त्यानंतरच्या शनिवारी आम्ही वड्यांची अदलाबदल लवकर आटपली आणि काकूंनी कागद पुढे ओढला. अन्न व औषध प्रशासनाला द्यायच्या अर्जाचा तो मसुदा होता. लहान उत्पादकांसाठी नोंदणीची पायरी ठेवावी, आणि ती होईपर्यंत सामायिक जागेला परवाना देताना जागेची नि यंत्रांची अट सैल करावी, अशा दोनच मागण्या. मसुद्यातला प्रत्येक आकडा दोघींनी वेगवेगळा तपासला, सवयीने! खाली सह्या केल्या तेव्हा कुणी तरी म्हणालं, वीस सह्यांनी काय होणार? बाई म्हणाल्या, 'लिज्जतच्या सातच होत्या.'

तुमच्या बोरिवलीत, मुलुंडला, घाटकोपरला, नाहीतर नाशिक-कोल्हापुरात असा गट असेल, तर त्यांच्याशीही हे बोला. साबणाची वडी ही चैन नाही, गरज आहे, हे सरकारने कर उतरवून मान्य केलंच आहे. आता ती वडी करणारा हात लहान असू शकतो, एवढं कायद्याने मान्य करायचं राहिलंय.